अंबाडीभोवतीचं लाल रिंगण

अपेक्षानं ताटातली अंबाडीची भाजी बोटानं कडेला सारली, तेव्हा पूनमला आधी वाटलं, लसूण जळला असेल. तिनं घास घेऊन पाहिला. भाजी झकास जमली होती. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून फोडणी, आणि जिभेला हवा तेवढाच आंबटपणा.

"काऊन व, काय झालं?"

"मी नाही खात. हे निषिद्ध हाय."

पहिलीतल्या पोरीच्या तोंडी 'निषिद्ध' ऐकून भाकर थापणाऱ्या गोजरबाईचा हात परातीतच थांबला. "हा कोनता नवा देव निंगाला व, अंबाडी न खानारा?" सासूनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं पोरीकडे.

"चष्मा म्हनते," अपेक्षा म्हणाली. "सकाळी धुऱ्यावर आपल्या अंबाडीले लाल रिंगण आलं. मंग बाई बोलली, निषिद्ध वनस्पती, हात लावू नका, दूर व्हा. मी पळाली." आणि जरा थांबून, हळूच, जणू आईला वाचवायला सांगते आहे अशा आवाजात, "मम्मी, तू बी नको खाऊ."

पूनमच्या हातातला घास हातातच राहिला.

चष्मे जूनमध्ये आले होते. वडनेर भोलजीच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना एकेक, फुकट. वजनाला हलके, निळ्या दांड्यांचे. चष्मा लावून बकरीकडे पाहिलं की बकरीच्या डोक्यावर 'बकरी' अशी अक्षरं तरंगत, ढगाकडे पाहिलं की ढगाचं नाव, आणि कानात एक गोड बाई बोले. पोरं महिन्याभरात वाचायला लागली, हे पूनमही नाकारत नव्हती. कंपनीचा मालक सातासमुद्रापलीकडे राहायचा. जगातल्या बोटांवर मोजण्याएवढ्या श्रीमंतांत त्याचं नाव. गावानं ते नाव दोन दिवस घोळवून पाहिलं, जमेना, मग त्याचा 'चष्मेवाला शेठ' करून टाकला. पालकसभेत पडद्यावर तो अनवाणी उभा राहून बोलला होता आणि मशीनच्या कृपेनं त्याच्या तोंडून शुद्ध पुणेरी मराठी निघाली होती, "आपल्या पाल्याला जगाकडे पाहताना यापुढे एकही प्रश्न पडणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूनमनं मात्र वाजवल्या नाहीत. प्रश्नच पडणार नाही?

पूनम तशी काळजीनं पोखरलेली. पोरीला ताप आला तर थर्मामीटर काखेतून काढेपर्यंत तिला तीन आजार आठवत. संमतीपत्राची एक्केचाळीस पानं गावात एकटीनं वाचली, तीही दोनदा. आणि वाचून सही केली. सगळ्यांनी केली, आपलीच पोर मागं राहायला नको, म्हणून. त्या सहीचा सल तिच्या मनात होताच. आज तो ताटात येऊन बसला.

जेवणं आटोपत नाहीत तोच फोन वाजला. संदेश होता: आपल्या परिसरात निषिद्ध वनस्पती आढळली आहे. तीन दिवसांत ती काढून टाकल्याचे छायाचित्र पाठवा. अन्यथा पाल्याचा चष्मा बंद करून माहिती संबंधित यंत्रणेकडे पाठवण्यात येईल. खाली एक चित्र. हिरवं, बोटाबोटांचं पान.

नवरा गोविंदा हात धुऊन आला. त्यानं चित्र पाहिलं आणि तो मटकन खाटेवर बसला.

"पूनम, हे तं गांजाचं पान व्हय!"

"पान गांजाचं हाय. पन ते आपल्या धुऱ्यावर नाही. चष्मा अंबाडीले गांजा समजून राह्यला."

"गांजा?" गोजरबाई उठूनच उभी राहिली. "माह्या अंबाडीले गांजा म्हनते? त्याच्या मायले काय पाजून धाडलं होतं म्हना!"

"आई, हळू. लोक ऐकतील."

"ऐकू दे ना! साऱ्या गावानं खाल्ली हाय ती."

ते खरंच होतं. त्या मुलखात कपाशीच्या कडेनं, बांधावर म्हणजे धुऱ्यावर, अंबाडीचं एक तास, एक ओळ, असतंच. ते पेरायचं घरच्या बाईनं. शेत कोणाचंही असो, अंबाडीला मालक नसतो. जाता येता कोणीही बाई शेंडे खुडते, ओच्यात टाकते, विचारत नाही. नियम एकच, शेंडा खुडायचा, झाड उपटायचं नाही. खुडलं की फुटवे येतात आणि मागून येणारीला मिळतं.

गोविंदा मऊ आवाजात म्हणाला, "हे पाय, पन्नास-साठ झाडं असतीन. उपटतो, फोटो धाडतो, मामला खतम. बाजारात मिळते अंबाडी. कायले लफडं वाढवतं?"

पूनमनं संदेश पुन्हा वाचला. तिला पटतही होतं. पोलीस, पेपर, लोकांची तोंडं, सगळं तिला दिसत होतं, नेहमीसारखं, आधीच घडून गेल्यासारखं. तेवढ्यात अपेक्षा बापाला बिलगली आणि आनंदानं म्हणाली, "हाव पप्पा, उपटून टाका. मंग चष्मा मम्मीवर रागावनार नाही."

तिथं पूनमचं ठरलं.

"नाही उपटायची," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आज उपटली तं पोरीच्या डोक्यात काय राहीन? चष्मा खरा अन् आई खोटी. उद्या मी दिलेलं दूध बी ती त्याले विचारून पीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पोरीला शेतात नेलं. चष्मा घरी. अपेक्षा धुऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. गेल्या पावसाळ्यात हीच पोर तिथले शेंडे कच्चे खाऊन दात आंबवून घेत होती. शेगावच्या कॉलेजात तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकताना ती वर्गात कधी हात वर करून बोलली नव्हती. आता एका सहा वर्षांच्या पोरीपुढे तिला तोंडी परीक्षा द्यायची होती.

"तुहा हात दाखव. बोटं पसर. आता सांग, बोटं कुठं चिकटली?"

"हाताले."

"अन् हातात मध्ये काय हाय?"

"तळवा."

"आता हे अंबाडीचं पान पाय. बोटं हायेत, अन् मध्ये तळवा बी हाय. दिसला? आता फोनमधलं ते चित्र पाय. त्याले तळवा हाय का?"

अपेक्षानं फोन नाकाला लावला. मग चार हातांचं अंतर दोन हात झालं. मग एक. "नाही. त्याची बोटं सुटी सुटी हायेत. नुसती देठाले चिकटवली."

"मंग दोन्ही एकच का?"

पोरीनं एकदा पान पाहिलं, एकदा फोन. डोळ्यांना दिसत होतं, पण मन मानत नव्हतं. शेवटी ती कळवळून म्हणाली, "पन मम्मी, चष्म्याले तं सगळं माहीत असते ना. तुले सगळं कुठं माहीत असते?"

पूनमला कॉलेजातली एक गंमत आठवली. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'भांगेसारखी' असा शब्द आहे. म्हणजे शहाणीसुरती माणसंही या पानाला एकदा फसली होती. फसली, मग नीट पाहिलं, हसली, आणि तो फसवा सारखेपणा नावातच ठेवून दिला. चष्मा नुसताच फसला होता.

तिथून ती थेट पोलीस पाटील किसनरावांच्या ओट्यावर गेली. दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं, हे काळजी करणाऱ्या माणसाचं शहाणपण. तिनं कागदावर सगळी हकीकत लिहिली होती आणि खाली अंबाडीचं पान चिकटवलं होतं. किसनरावांनी कागद वाचला. जास्तीचं एक पान तिच्या हातातून घेतलं, चुरगळून तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं.

"पूनमबाई, हा गांजा असता तं मी पन्नास वर्सापासून शुद्धीवर नसतो." मग गंभीर झाले. "भलतं काही असतं तं मी सोडलं नसतं, हे बी सांगून ठेवतो. पन हे अंबाडी हाय. आना, लिहून देतो." आणि त्यांनी सही ठोकली.

दुपारी शाळेत कंपनीचा समन्वयक आला. संघपाल नाव, मेहकरचा, एम.एस्सी. झालेला तरुण. तालुक्यातल्या बारा शाळांचे चष्मे त्याच्याकडे. मुख्याध्यापिका राखी मॅडमच्या खोलीत त्यानं टॅब टेबलावर ठेवला. पडद्यावर दोनच बटणं होती, 'काढली' आणि 'काढली नाही'.

पूनमनं टॅबशेजारी अंबाडीचा शेंडा ठेवला. "सर, ही काय आहे?"

संघपालनं पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग हसू दाबत म्हणाला, "ताई, हिच्या भाजीवर तर मी वाढलो. माझी माय त्यात शेंगदाणे टाकते."

"मग तसं लिहा ना."

"लिहायला जागाच नाही. दोन बटणं दिलीत. 'चष्मा चुकला' असं तिसरं बटण नाही."

"का नाही?"

"वरून आलं नाही म्हणून. हुकूम वरून खाली येतो, ताई. खालून वर जायचा रस्ता अजून बांधला नाही." तो विनोद करत होता, पण कान लाल झाले होते. "मीही नोकर माणूस. तुम्ही 'काढली' म्हणा, मी दाबतो. झाडं राहू द्या तशीच. कोण येतंय पाहायला?"

सोपं होतं. राखी मॅडमही मान हलवत होत्या. पूनम क्षणभर डळमळली आणि मग तिला पोरीचे पाठीमागे बांधलेले हात आठवले.

"म्हणजे मी खोटं बोलायचं, म्हणजे मशीन खरं ठरेल? नाही सर. 'काढली नाही' दाबा. आणि मला सांगा, हे वर जातं तर तिथं माणूस कधी बघतो?"

संघपालनं डोकं खाजवलं. "एका शाळेतून एकाच गोष्टीची दहाच्या वर निशाणं आली, तर मशीन थांबतं. मग ते माणसापुढे जातं. आजवर कुठं झालं नाही तसं."

"दहाच्या वर," पूनम म्हणाली. "बस?"

संध्याकाळी बचत गटाच्या बैठकीत तिनं सगळं सांगितलं. "माझ्याकडे आज आलं, तुमच्याकडे उद्या येणारच. अंबाडी कोणाच्या धुऱ्यावर नाही? एकेकीनं घाबरून उपटली तर दोन वर्षांत बी सुद्धा राहणार नाही. त्यापेक्षा सगळ्या मिळून चष्म्याला अंबाडी दाखवू, दहाच्या वर निशाणं पडली की माणूस बघेल. मात्र एक. पोरांना पाठवायचं नाही. त्यांना ते लाल रिंगण परत नको. चष्मा आपण लावायचा."

एक-दोघींनी सरळ नाही म्हटलं. नवरा चिडेल, नसती आफत. पूनमनं त्यांना आग्रह केला नाही. मग जनकाबाई उठली. गावात तिच्या जिभेला सगळे टरकून असत.

"मी लावतो चष्मा. माह्या धुऱ्यावर तं अंबाडीचं जंगल हाय. नातवाच्या चष्म्यात मी कशी दिसन व?"

"चष्मेवाल्या शेठची सासू!" मागून कोणीतरी म्हणालं आणि बैठकीचा नूरच पालटला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना वडनेरच्या शिवारात मोठी मौज झाली. डोक्यावर पदर, नाकावर पोरांचे निळे चष्मे, आणि एकेक बाई आपापल्या धुऱ्यावर अंबाडीसमोर उभी, जशी फोटो काढायला. जनकाबाईच्या कानात गोड बाई म्हणाली, दूर व्हा. जनकाबाई म्हणाली, "तूच हो व दूर, शेत माह्यं हाय." सूर्य मावळेपर्यंत शाळेच्या खात्यात एकतीस लाल निशाणं पडली. अकरा घरचे चष्मे आलेच नाहीत.

पूनम त्या रात्री झोपली नाही हे सांगायला नको. एकतीस घरं आपल्या शब्दावर उभी आहेत, आणि उद्या कंपनीनं सरळ यंत्रणेकडेच कळवलं तर? किसनरावांचा कागद तिनं उशाखाली ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला तीन-चार तास असताना, संघपाल धापा टाकत शाळेत आला. "ताई, चला. हैदराबादहून फोन आलाय. माणूस आहे. खराखुरा!"

पडद्यावर पन्नाशीची एक बाई होती. केस पांढरे, चेहरा थकलेला, बोलणं नेमकं. हिंदीत बोलत होती. खोलीत पूनम, राखी मॅडम, दारात जनकाबाई आणि तिच्या मागे आठ-दहा बाया. शाळा सुटलेली, म्हणून अपेक्षा आईच्या पदराला धरून. पूनमनं शेंडा कॅमेऱ्यासमोर धरला, पानाचा तळवा दाखवला, देठाचे बारीक काटे दाखवले, शास्त्रीय नाव सांगितलं. ती अंबाडीबद्दल बोलत होती तोवर तिच्या आवाजात कंप नव्हता. तिला स्वतःलाच नवल वाटलं. एवढं आपल्याला येत होतं?

बाईनं शांतपणे ऐकलं. "आप सही कह रही हैं," ती म्हणाली. "गलती हमारी है। आज ही सारे निशान हटा देंगे।"

दारात एकच गलका झाला. अपेक्षानं मात्र आईचा पदर ओढला. "मम्मी, त्यायची चूक झाली? चष्म्याची चूक होते?"

"होते ना."

"मंग बाकीचं बी चुकीचं हाय का? बकरी बी?"

पूनमनं तिला जवळ घेतलं. "बकरी बकरीच हाय. काही बरोबर असते, काही चूक. म्हनून आपन बी पाहायचं."

बाई पुढं म्हणाली, कंपनीला या भागातल्या सगळ्या रानभाज्यांची नावं, फोटो हवेत. पूनमनं ते काम करावं. मालक स्वतः प्रशस्तिपत्र देतील, मोठ्या समारंभात. फक्त एका नव्या संमतीपत्रावर सही.

"देईन की नावं," पूनम म्हणाली. "ती काही माझी एकटीची नाहीत. पण मला आधी एक सांगा. चष्म्याला एखादी गोष्ट ओळखता आली नाही, तर 'मला माहीत नाही' असं तो म्हणेल का? एवढं करा."

ती बाई पहिल्यांदाच हसली, जरा ओशाळून. तिनं कॅमेऱ्यावरून नजर काढली. ते होणार नाही, ती म्हणाली. आम्ही विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. पण मालकांना ते चालत नाही. चष्मा कधीही निरुत्तर होता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम आहे. सगळ्या जगासाठी तोच.

सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाला 'माहीत नाही' म्हणायला आवडत नाही, म्हणून वडनेरच्या पोरांना ते शब्द ऐकू यायचे नाहीत. पूनमला इतके दिवस भीती वाटायची ती कशाची, हे कळायचं नाही. आता कळलं, आणि गंमत म्हणजे कळल्यावर भीती कमी झाली.

"मग माझी सही मिळणार नाही," ती म्हणाली. "नव्या कागदावरही आणि पुढच्या वर्षीच्याही. शाळेत मॅडमसमोर पोरं चष्मा लावू देत, ढग बघू देत, वाचू देत. माझ्या घरी तो येणार नाही."

"तुम्ही एकट्याच मागे राहाल, ताई," संघपाल हळूच म्हणाला. त्यात धमकी नव्हती, काळजी होती.

"एकटी काऊन?" दारातून जनकाबाई ओरडली. "आमचे का हात मोडले, सही न कराले?"

सगळ्यांनी काही मान्य केलं नाही. काही घरांत चष्मे अजूनही येतात. पोरगं अभ्यासाला बसतं, आईला तेवढीच उसंत. पूनम त्यांना नावं ठेवत नाही. पण नऊ आयांनी तिच्यासोबत लिहून दिलं, आणि राखी मॅडमनी त्या नऊ चष्म्यांसाठी शाळेच्या कपाटात वेगळा कप्पा केला. संघपालनं आपल्या अहवालात खाली, जिथं जागा नव्हती तिथं, समासात हातानं एक ओळ लिहून फोटो वर पाठवला: तिसरं बटण हवं. उत्तर आलेलं नाही. तो दर महिन्याला पाठवतो.

आठवडाभरानं पूनम कपाशीत निंदायला गेली, तेव्हा अपेक्षा मागं मागं होती. बराच वेळ तिचा आवाज आला नाही म्हणून पूनमनं सवयीनं दचकून वळून पाहिलं. पोरगी पाणंदीच्या कडेला उकिडवी बसली होती. एका बोरीवर कुठलीतरी नाजूक वेल चढली होती, पानं जोडीजोडीनं, देठ तांबूस.

"मम्मी, हे काय हाय?"

पूनम खाली बसली. पान उलटं करून पाहिलं, वास घेतला, चीक येतो का पाहिलं. कॉलेजची तीन वर्षं मनात चाळून झाली.

"मले नाही माहीत."

अपेक्षानं डोळे मोठे केले. "तुले बी नाही?"

"नाही ना."

पोरीनं थोडा वेळ आईकडे पाहिलं, मग वेलीकडे. तिला राग आलेला दिसला नाही. उलट ती आणखी पुढं सरकली, बोटानं एक तंतू उचलून धरला आणि तो कुठवर गेला आहे ते बोरीच्या काट्यांतून, ओरखडे न लागू देता, शोधू लागली.

"याले फूल येईन का?"

"येईन वाटते. आलं की कळीन काहीतरी."

"कधी येईन?"

"ते बी नाही माहीत. रोज येऊन पाहा लागन."

"मी पाहातो," अपेक्षा म्हणाली, आणि पूनम विळा घेऊन कपाशीच्या तासात परतली तरी ती तिथंच बसून राहिली.